रेशीमबागेच्या मैदानावरच्या काकांना

काका, सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "अवं, त्यात काय येवढं" म्हणता आणि फोन ठेवून देता. म्हणून आता चारचौघांत लिहिते. इथे तुम्हाला फोन ठेवता येणार नाही.

लेक नववीत आहे, 3000 मीटर पळते. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात आणि लगेच शालेय स्पर्धांचे वेध लागतात: आधी जिल्हा, मग विभाग, नशिबात असेल तर राज्य. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, पोरं घरात कोंडलेली. पावसाची एक सर येऊन गेली की असा दमट उकाडा सुटतो की घाम वाळायचं नावच घेत नाही. या हवेची सवय व्हायला शरीराला 10 ते 14 दिवस लागतात, तोवर जोर करायचा नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. ज्या अकादमीवाल्यांनी फी आगाऊ घेतली होती त्यांच्याकडून नाही.

त्यांनी पहिल्याच आठवड्यात पोरींना सेमिनरी हिल्सच्या चढावर पिटाळलं. मधे पाणी नाही, कारण पाण्यानं म्हणे पोटात कळ येते. नडगी दुखते म्हटलं तर नाटकं. मागे पडली तर सगळ्यांदेखत वजनावरून टोमणा. शाळेत सांगायला गेले तर "पुढच्या वर्षी दहावी आहे, बंदच करा ना हे" असा सल्ला मिळाला. बूटसुद्धा अकादमीच्या किटमधलेच होते, माप न घेता हातात दिलेले. असो. त्यांच्यावर यापेक्षा जास्त शाई खर्च करत नाही.

त्या सकाळी ती मैदानाच्या कडेला नडगी चोळत बसली होती. ओळख ना पाळख, तुम्ही फिरता फिरता थांबलात. गुडघे कुरकुरत असताना ओल्या मातीत खाली बसलात आणि तिच्या बुटाच्या टोकावर अंगठा दाबून पाहिलात. "जागाच नाई याच्यात, पोट्टे. अंगठ्याएवढी जागा पायजे समोर." मग बूट काढलात, मोजा काढलात. नख काळंनिळं झालं होतं. ती पाय आखडून घेत होती. वडीलधाऱ्या माणसानं आपल्या पायाला हात लावायचा, हे तिला कसं झेपणार? "काका, नका ना," म्हणाली. तुम्ही मान वर केली नाही. नवे बूट येईपर्यंत निदान बोटं तरी मोकळी राहावीत म्हणून सगळी लेस उपसून काढलीत आणि एकेका भोकातून परत ओवत बसलात. बोटांकडे सैल, घोट्याशी घट्ट.

मी पाण्याची बाटली घेऊन मागे उभी होते. तोवर प्रत्येकानं तिची वेळ पाहिली होती. पाय कोणी पाहिला नव्हता.

त्यानंतर तुम्ही तिला हळू पळायला शिकवलंत. हे कोणाला सांगितलं तर हसतात. "बोलता येऊन रायलं का पळता पळता? नाई? मंग जोरात पळून रायली तू." दम लवकर वाढतो, हाडं मागून तयार होतात, म्हणून नडगी आधी बोंबलते, हे तुम्ही रेल्वेतल्या माणसासारखंच समजावलंत: इंजिन लवकर तापते, रूळ बसाले टाईम लागते. माणदेशातल्या ललिता बाबरनं 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली, हे तर तुम्ही इतक्यांदा सांगितलंय की माझ्या धाकट्यालाही पाठ झालंय.

फी विचारली तेव्हा मात्र चिडलात. या शहरात 'चॅम्पियन घडवतो' म्हणणारे फलक चौकाचौकात आहेत. आपलं काही देणंघेणं नसताना दुसऱ्याच्या पोरीसाठी चिखलात बसणाऱ्याचा फलक कुठे लागत नाही, शाल-श्रीफळही नाही. पण अशा माणसांच्या भरवशावरच आम्ही पहाटे अंधारात पोरींना मैदानावर पाठवतो.

जिल्हास्तर अजून व्हायचाय. साडेसात फेऱ्यांत ती कितवी येईल, देव जाणे. सध्या नडगी दुखत नाही आणि ती अलार्मच्या आधी उठते, माझं तेवढ्यात भागतंय.

रविवारी पळणं झालं की घरी तर्री-पोहे आहेत. फी घेत नाही तर निदान एवढं तरी घ्या. काकूंनाही आणा. तिखट बेताचं ठेवते.

तुमच्या पोट्टीची आई