पेशींनाही साखर लागते

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत वनस्पतींच्या पेशी टाकीत वाढवून अन्न तयार करण्याविषयीचा लेख वाचला. हा विषय मराठीत आला याचे समाधान वाटले. मात्र मथळ्यातील ‘शेतीविना अन्न’ हे शब्द खटकले, म्हणून हे पत्र.

ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून अनेक वर्षे काम केले. निर्जंतुक केलेली गाजराची चकती वाढीची संप्रेरके घातलेल्या आगरवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर) ठेवली, की काही आठवड्यांत तिच्यावर फिकट, भुसभुशीत गोळा धरतो. त्याला कॅलस म्हणतात. त्यातला थोडा भाग द्रव माध्यमात टाकून फ्लास्क शेकरवर हलत ठेवला, की पेशी सुट्या होऊन वाढू लागतात आणि द्रव भाताच्या पेजेसारखा दिसू लागतो. टिश्यूकल्चर म्हटले की आपल्याकडे जळगावची केळी आठवतात, पण तिथे रोप तयार करून ते अखेर शेतातच लावतात. इथे रोप होऊच द्यायचे नसते, पेशी हेच पीक.

हे पीक अंधारातही वाढते, कारण ते उन्हावर नव्हे, तर आपण घातलेल्या साखरेवर जगते. १९६२ पासून प्रचलित असलेल्या मुराशिगे-स्कूग माध्यमात (पेशींना वाढवणाऱ्या पोषक द्रवात) एका लिटरला साधारण ३० ग्रॅम साखर घालतात आणि फार तर तिच्या निम्म्याइतका कोरडा माल हाती येतो. म्हणजे १०,००० लिटरच्या टाकीत ३०० किलो साखर ओतून दोन-तीन आठवड्यांनी वाळवलेला माल मिळणार सुमारे दीडशे किलो. ही साखर उसाची, ऊस शेतातला, आणि उसाला पाणी किती लागते हे मराठवाड्याला कोणी सांगायला नको.

दुसरा खर्च निर्जंतुकतेचा. जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, वनस्पतीच्या पेशींना त्यासाठी काही दिवस लागतात. त्यामुळे एक जिवाणू आत शिरला तरी शर्यत तिथेच संपते. एका मे महिन्यात शनिवारी रात्री वीज गेली आणि आमचे शेकर थांबले. सोमवारी दार उघडले, तेव्हा सगळ्या फ्लास्कांत पेशी तळाला बसून तपकिरी झाल्या होत्या, आणि दोन गढूळ फ्लास्कांना तर आंबूस वास येत होता. मोठ्या टाकीत हेच घडले तर तीन आठवड्यांची साखर आणि वीज गटारात जाते.

म्हणून हे तंत्र आजवर महाग वस्तूंसाठीच टिकले. जपानने १९८० च्या दशकात शिकोनिन हा लाल रंग असा काढला. कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल या औषधासाठी जर्मनीत ७५,००० लिटरपर्यंतच्या टाक्या चालतात. गाजराच्या पेशींत तयार झालेल्या गोशे या दुर्मीळ आनुवंशिक आजारावरील औषधाला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. अन्नाच्या बाबतीत फिनलंडच्या व्हीटीटी या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये कॉफीच्या पेशी वाढवून, भाजून त्यांची कॉफी केली. कॉफी, कोको, व्हॅनिला यांसारख्या थोड्या प्रमाणात लागणाऱ्या आणि हवामानाला नाजूक असलेल्या पिकांसाठी हा मार्ग मला खरोखर आशेचा वाटतो, आणि निर्जंतुक टाक्या सांभाळणारी अनुभवी माणसे आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औषध कारखान्यांत आहेतही. ज्वारी-तांदळाला पर्याय म्हणून मात्र तो कोणी विकू नये.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या बायोई-३ या जैवतंत्रज्ञान धोरणात स्मार्ट प्रथिने (मांस-दुधाला पर्यायी प्रथिने) आणि कार्यात्मक अन्न यांचा समावेश आहे, तर अपरिचित अन्नघटकांना पूर्वमान्यता सक्तीची करणारे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम २०१७ पासून लागू आहेत. पण अशी पूड उद्या वाशीच्या दुकानात आली, तर पाकिटावर ‘कॉफी’ छापायचे की ‘कॉफीच्या संवर्धित पेशी’, आणि तिच्यासाठी किती साखर खर्ची पडली हे ग्राहकाला कळणार की नाही? आपल्या प्रतिनिधीने हे प्रश्न प्राधिकरणापुढे मांडून त्यांची उत्तरे छापावीत, ही विनंती.

– एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, कोपरी, ठाणे (पूर्व)