सलाइन संपले म्हणजे एमएस संपला नाही

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या आजारावरचा लेख वाचला. विषय घेतलात, त्याबद्दल आभार. एमएसला 'स्नायूंचा आजार' म्हटले आहे, तेही पोटात घालू. (प्रतिकारशक्ती मायलिन, म्हणजे नसांवरचे आवरण, कुरतडते ते मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेतले, एवढे निदान चित्राखाली तरी छापायचे.) 'भारतात जवळपास नाहीच' हेही खरे नाही. मंगळूरच्या पाहणीत लाखामागे आठच्या आसपास रुग्ण आढळले होते आणि मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात हे प्रमाण विसाच्या वर गेल्याची नोंद जुनी आहे.

पण 'पाच दिवसांच्या सलाइननंतर रुग्ण बरा होतो' हे वाक्य सोडता येत नाही. त्या सलाइनमध्ये मिथाइलप्रेडनिसोलोन असते, रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस. त्याने चालू असलेला झटका लवकर ओसरतो. पुढचा झटका टळत नाही. शिवाय ते लावण्याआधी लघवीची तपासणी करायची असते, कारण जंतुसंसर्ग किंवा ताप असला की जुनीच लक्षणे डोके वर काढतात आणि झटका आल्यासारखे वाटते. अशा वेळी औषध लागते ते संसर्गावर. ताप नसताना नवे लक्षण २४ तासांहून जास्त टिकले, तर तो झटका धरतात: एका डोळ्याने लाल रंग फिका दिसणे आणि डोळा फिरवताना दुखणे, मान वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखे होणे, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटणे.

झटके टाळणारी औषधे वेगळी आणि ती बरे वाटत असतानाच घ्यायची असतात. लेखात त्यांना अर्धी ओळ! डायमिथाइल फ्युमरेट आठवडाभर १२० मिलिग्रॅम दोनदा, मग २४० दोनदा. जेवणाबरोबर घेतले तर चेहरा लाल होण्याचा त्रास कमी होतो, पण रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मोजत राहाव्या लागतात. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी आणि क्षयाची तपासणी हवी. फिंगोलिमोड तर मनाने बंद करूच नये, काही आठवड्यांत आजार आधीपेक्षा जोरात उसळू शकतो. आणि एमआरआयवर डाग दिसले म्हणून लगेच एमएस ठरत नाही. शंका असेल तिथे अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग या अँटिबॉडीज पाहाव्या लागतात. आजार एनएमओ (एमएससारखाच दिसणारा, पण वेगळा) निघाला, तर इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमोडने तो बिघडतो.

त्याच पानावरच्या चौकटीत 'नसांना बळ' म्हणून गरम वाफ आणि शेक सुचवला आहे. धन्य! अंगाचे तापमान अर्धा अंश वाढले तरी एमएसच्या बऱ्याच रुग्णांची नजर धूसर होते, पाय लटपटतात. थंडावा मिळाला की हे ओसरते, पण तोवर माणूस मोरीत घसरून पडलेला असतो.

जाता जाता आणखी एक. 'सरकारने एमएसला दिव्यांगत्वाच्या यादीत घ्यावे' ही लेखकाची मागणी २०१६ च्या कायद्यानेच पूर्ण झाली आहे. त्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे. घोडे अडते ते सवलतींसाठी लागणाऱ्या ४० टक्के दिव्यांगत्वाच्या अटीवर. तपासणीच्या दिवशी रुग्ण चार पावले नीट चालला की टक्के घसरतात, आणि दुपारपर्यंत गळून जाणे किंवा लघवी न थोपवता येणे टक्क्यांत पुरेसे उतरतच नाही. मागणीच करायची तर ही करा.

दुरुस्ती पुरवणीतच छापावी, निविदांच्या पानावर नको.

आपली,
न्यूरॉलॉजी विभागातील एक परिचारिका, पुणे