काणकोणला निघण्याआधी

पर्वरी,
मंगळवार, रात्री

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

येत्या शुक्रवारी सकाळी आम्ही पाच जण सायकलने काणकोणला निघतो आहोत. रविवारी संध्याकाळी परत. रजा मंजूर झाली, राहायची सोय झाली, सायकलची तपासणीही झाली. म्हणजे विचारायला नाही, सांगायलाच लिहिते आहे. फोनवर सांगितले असते तर बाबा ‘बरं’ म्हणून गप्प झाले असते आणि आई, तू तीन रात्री कूस बदलत काढल्या असत्यास. म्हणून सगळे सविस्तर लिहिते. सावकाश वाचा.

शनिवारी धाकट्या काकांकडे पूजा आहे हे मला ठाऊक आहे. काकूशी बोलले, ती रागावलेली नाही. तारीख हलवता आली नाही, कारण नाताळ ते नवीन वर्ष रस्त्यावर भाड्याच्या गाड्यांची गर्दी असते आणि फेब्रुवारी सरत आला की दहालाच ऊन चटके देते. मधले हे तीन-चार आठवडेच सायकलला चांगले. नीता आणि प्रसाद दोघांनाही याच दिवसांत रजा मिळाली. पूजेला तुम्ही दोघे जाणार आहातच. माझ्या वाटचा शिरा ठेवायला सांगा.

बाबा, आता तुमचा प्रश्न. ‘ट्रक?’

हायवे आम्ही शक्य तिथे टाळतो आहोत. पर्वरीहून मांडवीच्या पुलावर न चढता बेतीला उतरून फेरीबोटीने पणजी. तिथून पाटो, रायबंदरचा पाण्याकाठचा रस्ता, जुने गोवे, बाणस्तारी, म्हार्दोळ, फर्मागुडीचा चढ आणि फोंडा. पुढे बोरीचा पूल उतरून लोटलीमार्गे मडगाव, पहिला मुक्काम मावशीकडे. अंतर पन्नासेक किलोमीटर, तेही दोनदा थांबत. दुसऱ्या दिवशी असोळणा, बेतूल, काब द राम, आगोंद आणि काणकोणचा बाजार म्हणजे चावडी, साधारण तेवढेच. तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने मडगावपर्यंत उलट. तिथून प्रसादचा भाऊ पिकअप घेऊन येतो, सायकली मागे टाकून सगळे घरी. करमल घाटाने परतणे सोपे पडले असते, पण तिथली वळणे आंधळी, रस्त्याची कड अरुंद आणि कारवारकडचे सगळे जड ट्रक त्याच वाटेने. म्हणून तो घाट ठरवून वगळला. नानांचे जे झाले ते माझ्याही डोळ्यांसमोर आहे. अंधारात सायकल चालवायची नाही हा नियम सगळ्यांनी मान्य केला आहे. पावणेसातला, उजेड फुटताना निघायचे आणि दुपारी एकच्या आत मुक्कामाला पोचायचे. तरीही मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा दिवसभर चालू. झाडांच्या सावलीतून ऊन-सावली पडते तिथे गाडीवाल्याला सायकल दिसत नाही, लुकलुकणारा दिवा मात्र लांबून दिसतो.

रस्त्यात ट्रकच्या मोठेपणापेक्षा त्याच्याजवळ आपण काय करतो याला महत्त्व आहे. ट्रक बाजूने जाताना हवा आधी बाहेर ढकलते आणि तो पुढे गेला की आत ओढते. त्या वेळी हँडल घट्ट आणि सरळ धरायचे, कोपर सैल ठेवायचे, दचकून बाजूला घ्यायचे नाही. डांबराच्या अगदी कडेने तर जायचेच नाही. तिथे डांबर तुटलेले असते, खाली विटेइतकी खोल पायरी, आणि आपण कडेला चिकटलो की मागच्याला वाटते याच लेनमधून निघून जाऊ. म्हणून कडेपासून दोन-अडीच फूट आत राहायचे. त्याला मग नीट बाजू काढूनच पुढे जावे लागते. बोरीच्या पुलावर एकामागे एक, गप्पा बंद.

पाच जण एका ओळीत असले की खरा धोका एकमेकांचाच असतो. मागच्याचे पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसले आणि पुढचा जरा सरकला, तर पुढच्याला काही होत नाही, मागचा पडतो. म्हणून चाकाला चाक समांतर होऊ द्यायचे नाही, निदान एका सायकलचे अंतर ठेवायचे. सगळ्यात पुढचा खड्डा आला की हाताने दाखवतो आणि ओरडतो, तोच निरोप एकेकाने मागे द्यायचा. शेवटचा ‘गाडी’ म्हणून सांगतो. ती जागा प्रसादची, कारण तो कोणाला मागे टाकून पुढे जात नाही. चढावर ज्याने त्याने आपल्या वेगाने जायचे आणि माथ्यावर थांबायचे. ही शर्यत नाही, बाबा. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावे लागतात. तसले काही आमच्या डोक्यात नाही.

बेतूलच्या पुढचा रस्ता फार सुंदर आहे, पण तिथेच सगळ्यात जपावे लागते. चढ लांब नाहीत, पण उभे आहेत, आणि उतार थेट वळणात संपतात. वळणावर चिऱ्याची तांबडी बारीक खडी सांडलेली असते. ब्रेक वळणाआधी सरळ रेषेत लावून घ्यायचा, वळणात फक्त सायकल वळवायची. वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक खडीवरून निसटते. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो आणि पकड कमी होते. म्हणून दाब, सोड, दाब, सोड. चढासाठी माझ्या सायकलला पुढे ५० आणि ३४ दातांची दोन चक्रे आणि मागे ११ ते ३२ दातांची कॅसेट, म्हणजे गिअरचक्रांचा संच, आहे. ३४ आणि ३२ ही सगळ्यात हलकी जोडी, त्यात पाय हलके फिरतात.

त्यामुळे माझ्या उजव्या गुडघ्याची काळजीही करू नका. गुडघा दुखतो तो जड गिअर रेटल्यामुळे किंवा सीटची उंची चुकल्यामुळे. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढे दुखते, फार वर असेल तर मागच्या शिरा ओढतात. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. सीट तशी लावली आहे आणि खुणेसाठी दांड्यावर टेप चिकटवला आहे. बाबा, तुमच्या हिरव्या सायकलच्या दांडीवरच्या त्या छोट्या सीटवर बसून मी किती वर्षे शाळेत गेले! चढावर तुम्ही उतरून चालायचात, मी मात्र वर बसून घंटी वाजवायची. तुमच्याकडूनच शिकले आहे, चढावर घाई करायची नाही.

पंक्चर होणार हे धरूनच चालतो आम्ही. फाटलेल्या ट्रक-टायरच्या केसांएवढ्या पोलादी तारा रस्त्यावर पडलेल्या असतात, त्याच जास्त घुसतात. माझे टायर २८ मिलिमीटरचे. मागे ७०, पुढे ६५ पीएसआय हवा भरते. हवा कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. ती दिसली की समजायचे, काटा नव्हता, हवा कमी होती. भोक एकच असेल तर नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून चाचपायचा. बोटाने नव्हे, कापसाच्या बोळ्याने. तार असेल तिथे कापूस अडकतो, आणि बोट कापत नाही. ती तार न काढता ट्यूब बदलली तर दहा मिनिटांत पुन्हा तेच. प्रत्येकाकडे दोन ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, छोटा पंप, ठिगळांची डबी. ठिगळ लावताना ट्यूब घासायची, सोल्यूशन पातळ लावायचे आणि ते पूर्ण वाळू द्यायचे, मगच ठिगळ दाबायचे. ओले असताना चिकटवलेले हमखास सुटते. आमच्या व्हॉल्व्हला गावातल्या दुकानाचा पंप बसत नाही, म्हणून पितळेचा नखाएवढा अडॅप्टर वेगळा घेतला आहे. शिवाय साखळीचा जोड, ॲलन की आणि मागचा गिअर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर. सायकल उजव्या कुशीवर पडली की तो मऊ ॲल्युमिनियमचा तुकडा वाकतो, आणि प्रत्येक सायकलचा वेगळा असल्यामुळे दुसऱ्याचा चालत नाही.

आई, तू खाण्यापिण्याचे विचारणार. सकाळी निघण्याआधी दोन केळी. साडेआठच्या सुमारास जिथे असू तिथे पाव आणि पातळ भाजी, मिरची भजी नाही. दर अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात टाकायचे, भूक लागायची वाट बघायची नाही. भूक लागेपर्यंत थांबले की पाय एकदम रिकामे होतात. खिशात शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणि तू दिलेले तिळाचे लाडू. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, ऊन चढले की जास्त. नुसते पाणी ढोसत राहणेही वाईट, घामातून मीठ जाते आणि रक्तातले आणखी पातळ होते. म्हणून एका बाटलीत पाणी, दुसरीत ओआरएस. ते संपले तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. शहाळे मिळाले तर पिऊच, पण त्यात घामाची भरपाई होण्याएवढे मीठ नसते, म्हणून सोबत कोकम-सरबत मीठ घालून. अकराला मिळेल तिथे पेज. तुझ्या हातची नाही, पण पेजच.

रात्री पहिल्या दिवशी मावशीकडे, दुसऱ्या दिवशी चावडीला नीताच्या आत्याकडे. न्हाणी घरातच आहे, गरम पाणी आहे, आम्हा दोघींना वेगळी खोली आहे. वाटेत पेट्रोल पंप, देवळे आणि चहाची हॉटेले कुठे आहेत ते नीताने आधीच टिपून ठेवले आहे. सायकलच्या चड्डीला आतून गादी असते, त्यामुळे बसायचा त्रास होत नाही. ती रोज बदलावी लागते. दोन घेतल्या आहेत. फेरीबोटीवर चढता-उतरताना मी सायकलवरून उतरून चालते. धक्क्याच्या उतरणीवर शेवाळ असते आणि बोटीची लोखंडी फळी ओली असली की साबणासारखी निसरडी.

रविवारी सकाळी लवकर निघतो, कारण या दिवसांत सकाळी वारा जमिनीवरून येतो आणि दुपारनंतर समुद्रावरून उलटतो. उत्तरेकडे परतताना तो तोंडावर बसतो आणि दमवतो.

आता हे नीट लक्षात ठेवा. मी व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवीन. ते जास्तीत जास्त आठ तास चालते, मग आपोआप बंद होते. ठिपका थांबला किंवा गेला म्हणजे काही झाले असे समजायचे नाही. वाटेतल्या खोला गावाच्या डोंगराळ भागात नेटवर्क येते-जाते, तिथे ठिपका अर्धा तास एकाच जागी दिसेल. मी दिवसातून तीनदा स्वतः फोन करीन: नाश्त्याला, पोचल्यावर आणि रात्री. अडीच वाजेपर्यंत फोन आला नाही तर प्रसादला करायचा. त्याचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला आहे. माझ्या गळ्यातल्या पट्टीवर रक्तगट आणि दादाचा नंबर आहे. १०८ आम्हा सगळ्यांना पाठ आहे आणि मडगावला जिल्हा हॉस्पिटल जवळ आहे. हे वाईट विचार करायला लिहिले नाही. ठाऊक असले की तुम्हाला झोप लागेल, म्हणून लिहिले.

आणि मी नसताना तुम्ही दोघांनी नीट वागायचे. बाबा, प्रेशरची गोळी सकाळच्या चहाबरोबर, ‘मग घेतो’ नाही. विहिरीचे पाणी गडगड्याने ओढायचे नाही, पंप आहे तो चालवायचा. नारळ पडायला लागले आहेत, माडाखालून जाताना वर बघा आणि नारळ काढणारा पाडेली येईपर्यंत तिकडे फिरकूच नका. तिन्हीसांजेला स्कूटर घेऊन साखळीच्या बाजारात जायचे नाही. काही हवे असेल तर शेजारच्या मंदारला सांगा. आई, न्हाणीतली रबराची चटई उन्हात वाळत टाकलीस की परत घालायला विसरतेस, ती आधी घाल. स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे डबे काढायचे नाहीत. पूजेला जाताना काकांची गाडी येईल, तीतच बसायचे, चालत जायचे नाही. आणि शुक्रवारी पदेराकडून (पाववाल्याकडून) चारच उंडे पाव घे, दोघांना आठ कशाला लागतात?

मावशीसाठी काही द्यायचे असेल तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत दादाजवळ पाठव, पण छोटे असू दे. माझ्या पिशवीत तीन किलोच्या वर काही घ्यायचे नाही असे ठरले आहे. लोणच्याची बरणी नको. खोल्याची मिरची मिळाली तर तुझ्यासाठी आणते, ती हलकी असते.

पुढच्या बुधवारी बाबांची डोळ्यांची तपासणी आहे, आदल्या मंगळवारी रात्रीच मी साखळीला येते. दोन दिवस राहते. सायकल आणणार नाही, गाडीने येते.

तुमची,
सुमा

ता. क. बाबांची डोळ्यांची जुनी फाईल कपाटात खालच्या कप्प्यात, निळ्या पिशवीत आहे. त्यातला थेंबांचा कागद वेगळा काढून ठेवा. आणि तपासणीच्या दिवशी बाबांनी सकाळचा नाश्ता करूनच निघायचे, डॉक्टरांनी उपाशी यायला सांगितलेले नाही.