आकडीच्या औषधासाठी एक परिपत्रक काढा

मा. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

शाहूपुरीत माझं मेडिकल आहे. राधानगरी-भुदरगडकडून दवाखान्याला आलेली माणसं परतीची एसटी धरण्याआधी औषधं घ्यायला थांबतात. त्यात आकडीचे पेशंट बरेच. तुमच्याच मतदारसंघातली ही माणसं, म्हणून थेट तुम्हालाच लिहितोय.

हल्ली काउंटरवर एक नवा प्रश्न येतो. बाप मोबाइल पुढे करतो आणि हळूच विचारतो, "भाऊ, हे गांजाचं तेल पोराला चालतंय का?" 'विजया'चा, म्हणजे भांगेचा, अर्क ऑनलाइन मागवता येतो. तो पानाचा आहे, त्यामुळं १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाही, असं विकणारे सांगतात. त्या व्याख्येत झाडाचे फुलोरे येतात, नुसतं पान येत नाही, हे खरंच आहे. पण बाटलीतल्या एका थेंबात नेमकं किती औषध आहे, हे ना बापाला माहीत, ना मला.

या झाडातल्या कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, या घटकानं नशा चढत नाही. ड्रावे सिंड्रोम या लहानपणीच सुरू होणाऱ्या आकडीच्या अवघड आजाराच्या १२० मुलांवरच्या चाचणीचा निकाल २०१७ साली आला. सीबीडी घेणाऱ्या गटात महिन्याला साधारण १२.४ झटके यायचे, ते ५.९ वर आले. नुसतं दिखाऊ औषध दिलेल्या गटात १४.९ चे १४.१ झाले. अमेरिकेनं २०१८ साली ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या आकडीच्या दोन आजारांसाठी शुद्ध सीबीडीच्या औषधाला मान्यता दिली. सगळ्या प्रकारच्या आकडीवरचा हा उपाय नव्हे, हे मी प्रत्येकाला सांगतो. ऐकतो कोण!

खरी भीती पुढंच आहे. अशा मुलांना बहुतेकदा क्लोबाझाम हे आकडीचं औषध आधीपासून चालू असतं. सीबीडीमुळं त्याचा परिणाम शरीरात वाढतो आणि पोर पेंगत राहतं. जोडीला व्हॅलप्रोएट हे आकडीचंच दुसरं औषध असेल तर यकृतावर ताण येऊ शकतो, रक्त तपासत राहावं लागतं. घरच्यांनी गुपचूप तेल सुरू केलेलं असतं, डॉक्टरांना पत्ता नसतो. रागावतील म्हणून सांगत नाहीत. मग डॉक्टर पेंगणाऱ्या पोराचा चालू डोस कमी करतात, आणि झटके पुन्हा सुरू.

साहेब, गांजा मोकळा करा असं मी म्हणत नाही. माझ्या दारात तसली गिऱ्हाइकं मला नकोच आहेत. मागणी एवढीच, की चोरून चाललेलं हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर यावं. आयातीचा विषय केंद्राचा, मान्य. पण एनडीपीएस कायद्याच्याच कलम १० नं चरस सोडून बाकी कॅनाबिसचा (गांजाच्या झाडाचा) ताबा, वाहतूक, विक्री आणि वापर यांचे नियम करायचा अधिकार राज्याला दिला आहे. कलम ८ मधली बंदीसुद्धा वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणं वगळूनच आहे. कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन हे वेदना शमवणारं औषध मिळायला परवान्यांच्या जंजाळात किती हाल व्हायचे! २०१४ साली संसदेनं कायदा बदलून ती वाट सोपी केली. मॉर्फिनला जमतं, तर नशा न आणणाऱ्या औषधाला का नाही?

कोणत्या डॉक्टरनं लिहायचं, कोणत्या दुकानानं ठेवायचं, नोंद कशी करायची, एवढं लिहून द्या. माझ्या मते पहिली चिठ्ठी मेंदूविकारतज्ज्ञाचीच हवी, आणि यकृताची तपासणी झाल्याशिवाय पुढची बाटली देऊ नये. नोंदीची आम्हाला सवय आहे. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या औषधांसाठी एच-१ (कडक नोंदीच्या औषधांची यादी) चं रजिस्टर ठेवतोच: डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपायचं. त्यात आणखी एक रकाना वाढला तर काही बिघडत नाही.

आणि किंमत. अमेरिकेत हे औषध आलं तेव्हा वर्षाचा खर्च साडेबत्तीस हजार डॉलरच्या आसपास होता. सरकारी दवाखान्यातून मिळायची सोय झाली नाही, तर गारगोटीच्या शेतकऱ्याला परिपत्रकाचा काय उपयोग?

परिपत्रक मराठीत काढा. इंग्रजीतल्याचा अर्थ तपासणीला येणारा प्रत्येक जण वेगळा लावतो.

आपला,
एक औषध विक्रेता, शाहूपुरी, कोल्हापूर