अब्रुनुकसानीच्या दाव्याला उंबरठा हवा

महोदय,

शंभर कोटींच्या अब्रुनुकसानीच्या नोटिशीची बातमी आली की चर्चा आकड्यापाशीच थांबते. असा दावा आपल्या कोर्टात किती सहज शिरतो, याकडे कुणी पाहत नाही.

दिवाणी अब्रुनुकसानीचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाहीच. इंग्रजी निवाड्यांतून आलेल्या तत्त्वांवर काम चालते. छापील मजकूर बदनामीकारक आहे, वादीबद्दल आहे आणि तिसऱ्याने तो वाचला, एवढे दाखवले की पुरे. नुकसान गृहीत धरले जाते आणि मजकूर खरा असल्याचे शाबीत करण्याचा भार प्रतिवादीवर पडतो. दावा सुरुवातीलाच फेटाळा म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ नियम ११ खाली अर्ज केला, तर कोर्ट फक्त वादीचे वादपत्र आणि त्यासोबतची कागदपत्रे वाचते. प्रतिवादीकडे पुराव्यांची थप्पी असली तरी ती त्या टप्प्यावर उपयोगाची नाही. वार्ताहराची वर्षे तारखांतच जातात.

ज्या इंग्लंडकडून आपण हे घेतले, त्याने २०१३ च्या कायद्यात ‘गंभीर हानी’ची अट घातली; वादी कंपनी असेल तर गंभीर आर्थिक नुकसान लागते. शब्द झोंबरे आहेत एवढ्याने भागत नाही, प्रत्यक्षात परिणाम काय झाला तेही दाखवा, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. ऑस्ट्रेलियातील बहुतेक राज्ये २०२१ पासून आणखी पुढे गेली. तिथे दाव्याआधी प्रकाशकाला आक्षेपाची नोटीस देणे सक्तीचे आहे. मजकूर कुठे आहे, त्यातून कोणते आरोप निघतात, हानी काय झाली, हे तीत लिहावेच लागते. उत्तरासाठी साधारण २८ दिवस मिळतात आणि हानीचा प्रश्न न्यायाधीश शक्यतो मुख्य सुनावणीआधीच निकाली काढतात. आपल्याला सोसेल असा नमुना हाच. अमेरिकेचा १९६४ चा सुलिवन निकाल मला इथे नको वाटतो: खोटेपणाची जाणीव किंवा सत्याबद्दल बेपर्वाई वादीनेच सिद्ध करायची, म्हणजे खरोखर बदनाम झालेला लोकसेवकही बहुधा हरतो.

भरपाईला मोजमाप नाही, हेही दुखणे आहेच. २००८ मध्ये एका वृत्तवाहिनीने घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्या न्यायमूर्तींऐवजी निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र चुकून सुमारे १५ सेकंद दाखवले. पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये १०० कोटी मंजूर केले. चूक निर्विवाद होती, पण हा आकडा कोणत्या हिशेबाने आला? ऑस्ट्रेलियात आर्थिक नुकसान वगळता इतर भरपाईला कायद्यानेच कमाल मर्यादा आहे.

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मजकुराच्या प्रसिद्धीवर सुनावणीपूर्व मनाई हुकूम अपवाद म्हणूनच द्यावेत असे बजावले, हे स्वागतार्ह. पण त्याने मजकूर टिकतो, दावा चालूच राहतो.

नवा कायदा करताना दावा लावण्याच्या मुदतीचाही घोळ मिटवावा. मुदत कायद्यात प्रसिद्धीपासून एकच वर्ष आहे, पण संकेतस्थळावरचा जुना लेख रोज नव्याने प्रसिद्ध होतो असा युक्तिवाद होतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो नाकारला. इंग्लंडने तेच २०१३ च्या कायद्याच्या कलम ८ मध्ये लिहून टाकले. आपल्याकडे मात्र ते अजून कायद्यात आलेले नाही.

— एक वकील वाचक, पुणे