रोहिणीचा रिपोर्ट पाहिला

प्रिय सुषमा,
स. न.

तुझं पत्र आणि रोहिणीच्या रिपोर्टची झेरॉक्स मिळाली. ड जीवनसत्त्व ११ आलं म्हणून तुझी झोप उडालीय, त्यात जाऊबाईंनी ठासून सांगितलं की रोहिणीच्या अंगावरच्या पांढऱ्या डागांचं, कोडाचं मूळ तेच, ते भरून काढलं की डाग जातील. इतकं सोपं असतं तर मीच पेढे वाटले असते.

११ म्हणजे कमीच. २० च्या खाली डॉक्टर कमतरता धरतात. पण आपल्याकडे अंगावर एक डाग नसलेल्या कितीतरी जणांचा आकडा असाच येतो. कोड असलेल्यांत तो आणखी कमी आढळतो, हे खरं. पण ड घटलं म्हणून डाग आले, की डागांमुळे पोरीने ऊन टाळलं आणि ड घटलं? मे महिन्यातही ती पूर्ण बाह्या, हातमोजे, स्कार्फ असा जामानिमा करून स्कूटीवर निघते, हे तूच लिहिलंयस.

हे दुखणं दिसतं कातडीवर, पण बिघाड प्रतिकारशक्तीत असतो. आपल्याच पांढऱ्या पेशी रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटतात. २०१० साली अमेरिकेत कोडाच्या ४५ रुग्णांची पाहणी झाली. ज्यांचं ड १५ च्याही खाली होतं, त्यांच्यात असे दुसरे स्वयंप्रतिकार आजार जास्त सापडले. ४५ माणसांवरून मी फार काही म्हणणार नाही, पण कोडासोबत थायरॉइडचं दुखणं बऱ्याचदा निघतं हे पक्कं ठाऊक आहे. रोहिणी दमते, केस गळतात म्हणतेस, ते उन्हाळ्यावर ढकलू नकोस. टीएसएच आणि थायरॉइडच्या अँटिबॉडीज या रक्ततपासण्या करून घे.

ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, तीही डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. रोज घ्यायचा जाऊबाईंचा सल्ला अजिबात ऐकू नकोस. ब्राझीलमध्ये रोज ३५ हजार युनिट देऊन पाहिलं होतं. १६ पैकी १४ जणांचे डाग कमी-जास्त भरले, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. शिवाय कॅल्शियम चढू नये म्हणून त्यांचं दूधदुभतं बंद होतं आणि तपासण्या चालू होत्या. घरच्या घरी असलं काही केलं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडावर बेततं.

मलम आणि लाइट ट्रीटमेंट मात्र सोडू देऊ नकोस. आणि चपलेचा पट्टा घासतो तिथेच डाग वाढतोय ना, मग चप्पल आधी बदल. सतत घासल्या जागी नवे डाग उठतात. कमरेला नाडीही करकचून नको. आंबटाने कोड वाढतं म्हणून आमसुलाची कढी बिचारीची उगाच बंद केलीस, ती सुरू कर.

थायरॉइडचा रिपोर्ट आला की व्हॉट्सअॅपवर फोटो टाक. जाऊबाईंना नमस्कार सांग, आणि त्यांनी आणलेला पुड्यांचा डबा त्यांचा त्यांना परत दे.

तुझी,
वंदना