पेंटरकाका, तुमचा ळ सांभाळून ठेवलाय

ती. पेंटरकाका,

सा. नमस्कार.

तुमच्यासमोर आभार मानायला लागलो की तुम्ही ‘आधी चहा सांग’ म्हणून विषय मोडता. म्हणून हे जाहीर पत्र. आता मधे कोणी चहा मागवू शकणार नाही.

नाशिकच्या भांडी बाजारातली ती पत्र्याची पाटी आठवते ना? ‘येथे तांब्या-पितळेची भांडी कल्हई करून मिळतील.’ लहानपणी आईबरोबर मेनरोडला गेलो की मी ती मोठ्याने वाचायचो. पुढे दुकानाचं नूतनीकरण निघालं आणि पाटी उतरली. त्याच्या दोनच दिवस आधी मी मोबाइलवर तिचे फोटो काढले होते, हा निव्वळ योगायोग. 2022 च्या कायदादुरुस्तीने लहान दुकानांवरही मराठी पाट्या सक्तीच्या झाल्या, त्याचा मला आनंदच झाला होता. पण रविवार कारंजावरून शालिमारपर्यंत चालत जा, सराफ आणि मेडिकलवाला एकाच हाताने लिहिल्यासारखे दिसतात. तेव्हाच डोक्यात आलं, तुमच्या पाटीचा फॉन्ट करायचा.

फोटो हाताशी होते, अक्षरंही होती असं मला वाटत होतं. मोजली तर त्या पाटीत निघाली 15 व्यंजनं आणि एक ई. ग नाही, श नाही, ण नाही, ज्ञ तर नाहीच. उरलेली वर्णमाला मी संगणकावर स्वतःच्या बुद्धीने जोडून काढली, कागदावर छापली आणि पाटी रंगवणाऱ्याला शोधत पंचवटीत तुमच्यापर्यंत पोचलो. त्या वेळी तुम्ही एका स्कूटरची नंबरप्लेट रंगवत होता. कागद पाहिलात, चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, “ही रेघ एका माणसाने ओढलेली नाही.”

काका, ते वाक्य माझ्या महिनाभराच्या कामावर पडलं. पण खरं होतं. तुम्ही खडूच्या दोरीने ओळ मारून घेता, अक्षरं तिला लटकवता आणि शिरोरेषा शेवटी, एका दमात ओढता. फॉन्टमध्ये तसं करता येत नाही. तिथे प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा डोक्यावर घेऊन येतं आणि शेजारच्या तुकड्यावर थोडं चढतं, म्हणून ती सलग भासते. मी हौसेने त्या तुकड्यांच्या कडा ब्रशच्या हातासारख्या हलत्या ठेवल्या होत्या. जोड आला की करवतीचे दात. शेवटी उपाय सापडला तो तुमच्याच बोलण्यातून: हात हलू दे, पण टेकताना नाही. आता प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं अगदी सरळ आहेत, हलतं ते मधे. आणि शब्द संपला की शेवटच्या अक्षराचं निराळं रूप येतं, त्याच्या टोकाला ब्रश उचलल्याची गोलाई आहे.

नंतरच्या तीन दुपारी तुम्ही मला जे शिकवलंत, ते कुठल्या सॉफ्टवेअरच्या मदतपानावर नाही. ‘शाळेत ग म भ न एकत्र का शिकवतात?’ असं विचारून तुम्ही स्वतःच ब्रश उचललात. म आणि भ पाटीत होते, ग त्यांच्यातून निघाला. ब मधून व निघाला, प मधून ष आणि फ. श मात्र तुम्ही नव्याने लिहिलात, आणि मराठी वळणाचाच. मी हिंदी वळणाचा ल ठेवला होता, तो तर तुम्ही सरळ खोडलात.

वेलांटीचंही तसंच. पाटीतच ‘पितळेची’मधली वेलांटी आखूड आहे आणि ‘मिळतील’मधली लांब, हे मी फोटो शंभरदा पाहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकच वेलांटी सगळ्यांच्या डोक्यावर ठेवली होती. आता सात रुंदीच्या आहेत, आणि पुढचं अक्षर किंवा जोडाक्षर पाहून फॉन्ट त्यातली एक उचलतो. ‘दऱ्या’ टाइप केलं की पाय मोडलेला ऱ आणि बाजूला सुटा या, अशी माझी पहिली आवृत्ती होती. ते पाहून तुम्ही जे हसलात, ते अजून ऐकू येतं. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे दिसत नसतील तर मराठीचा फॉन्ट म्हणायचं कशाला?

पण सगळ्यात मोठं ऋण ळ चं. तुमच्या ळ चं दुसरं वेटोळं थोडं उघडं राहतं. मला वाटलं, घाईत राहिलं असेल. म्हणून मी ते नीट मिटवलं. तुम्ही सांगितलंत की एनॅमल रंग दाट असतो, वेटोळं मिटवलं तर आत रंग उतरतो, भरून येतो आणि रस्त्यापलीकडून नुसता ठिपका दिसतो. घरी येऊन मी दोन्ही ळ मोबाइलवर बारीक आकारात लावून पाहिले. मिटवलेला भरून गेला होता, तुमचा मात्र ळ च राहिला. पत्र्यासाठी शोधलेली युक्ती काचेवरही चालली.

असं काम करणारा मी पहिला नाही, हे तुम्हाला सांगितलं होतंच. मुंबईच्या लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून ‘यात्रा वन’ हा फॉन्ट झाला, कल्पसूत्राच्या जैन हस्तलिखितांवरून ‘जैनी’ झाला, हनीफ कुरेशींनी तर ठिकठिकाणच्या पेंटरांचे हात फॉन्टमध्ये उतरवून घेतले. त्याच्याही आधी, मुंबईत 1869 साली सुरू झालेल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात हस्तलिखिताचं वळण शिशात उतरत होतं. तुम्हाला यातलं काही फारसं नवल वाटलं नाही. पांडवलेण्यांत सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीच्या ब्राह्मी लेखासमोर मात्र तुम्ही बराच वेळ उभे होता. शिरोरेषा नाही आणि ओळ तरी सरळ. “यांनी दोरी कुठे मारली असेल?” एवढंच म्हणालात.

एक गोष्ट टोचते, ती लिहितो. फॉन्ट खुल्या परवान्याखाली मोफत देणार म्हटल्यावर तुम्ही विचारलंत, “म्हणजे फ्लेक्सवालेच वापरणार ना?” ज्या फ्लेक्सने तुमचं काम नेलं, त्यालाच तुमचं अक्षर फुकट. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. तीन दुपारच्या मजुरीचं पाकीट तुम्ही घेतलंत, ते बरं केलंत. ते पुरेसं होतं असं मी म्हणणार नाही. फॉन्टच्या माहितीत तुमचं नाव घालू दिलं नाहीत, ‘पंचवटीचा पेंटर’ एवढंच चालेल म्हणालात. तसंच लिहिलंय.

तुमचं भाकीत खरं ठरलं. परवा मालेगाव स्टँडजवळ वाढदिवसाचा एक फ्लेक्स पाहिला, तुमच्याच अक्षरात. आडवा ताणलेला, पिवळ्यावर लाल, तुम्ही बघितला असतात तर शिव्या घातल्या असत्यात. पण खाली ‘मित्रमंडळ’ लिहिलं होतं, आणि त्यातला ळ मला रस्त्याच्या पलीकडून वाचता आला.

ज्ञ अजून जमलेला नाही. तुम्ही तीनदा लिहून दिलेल्यांपैकी दुसरा घेतलाय, पण ठळक आवृत्तीत तो पोटाशी भरतोय. रविवारी कागद घेऊन येतो. चहा मीच सांगेन.

तुमचा,
नंबरप्लेटच्या रांगेत घुसलेला मुलगा